आज गाडी नाही

पावसाळ्यात हॉस्टेलवर उशिरा उगवणारे दोन प्रकारचे प्राणी असतात. एक, ज्यांना घरचं जेवण सोडवत नाही. दुसरे, ज्यांच्या गावच्या नाल्याला पूर आलेला असतो. पहिल्यांच्या पिशवीत चिवडा आणि शंकरपाळे असतात, म्हणून त्यांचं जंगी स्वागत होतं. दुसऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले असतात, म्हणून त्यांना आधी बाथरूमकडे पिटाळलं जातं. अस्मादिक दुसऱ्या प्रकारातले. गाव राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. पहिल्या वर्षी रेक्टर सरांना उशिराचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी रजिस्टरमध्ये ‘पूर’ असं लिहिलं आणि पुढे एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. ते उत्तर म्हणजे हा लेख.

तर मित्रहो, तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सेमिनार नावाचं एक प्रकरण असतं. २०२५ च्या जानेवारीत ते आमच्या वाट्याला आलं. मेट्रो, बुलेट ट्रेन, सी लिंक असे चांगले चांगले विषय पुढच्या रोल नंबरांनी पळवले आणि माझ्या हाती उरला तो विषय असा : ‘छोट्या बेटांच्या देशांतली वाहतूक हवामान आणि आपत्तींपुढे कशी टिकवावी?’ रूमवर आलो तर पार्टनर हसून हसून कॉटवरून खाली यायच्या बेतात. “राळेगावचा माणूस अन् बेटावर सेमिनार! समुद्र पाह्यला का बे कधी?”

नव्हता पाहिला. अजूनही पाहिलेला नाही.

सरांनी वाचायला जागतिक बँकेचा याच विषयावरचा २०१७ सालचा एक अहवाल दिला. नकाशा उघडला तर देशच सापडेनात. पॅसिफिक महासागरात माशी बसून गेल्यासारखे ठिपके. त्यातला एक ठिपका म्हणजे तुवालू. अख्ख्या देशाची जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास, आणि सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पाच मीटरसुद्धा नाही. फुनाफुटी या राजधानीच्या बेटावर एकच धावपट्टी आहे. ती १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्याने बांधली. संध्याकाळी विमान नसलं की पोरं तिच्यावर फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात. हे वाचून मला तो देश एकदम आवडला. आपल्या हॉस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर विमान उतरायला लागलं तर कसं होईल!

पण पुढे वाचलं ते काही गमतीचं नव्हतं. १५ जानेवारी २०२२ ला टोंगा या देशाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला. लाट आली, राख पडली. मदत घेऊन निघालेली विमानं शेजारच्या देशांत तयार होती, पण उतरणार कुठे? मुख्य विमानतळाच्या धावपट्टीवर राखेचा थर. मग तिथल्या लोकांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन धावपट्टी साफ केली आणि २० जानेवारीला पहिली मदतीची विमानं उतरली. समुद्राखालची केबल तुटल्यामुळे मुख्य बेटाचा जगाशी असलेला नेहमीचा संपर्क जवळजवळ पाच आठवडे गेला तो वेगळाच. आत काय झालंय हे बाहेर कळेना आणि बाहेरचं आत कळेना.

२०१७ च्या सप्टेंबरात डोमिनिका या कॅरिबियन बेटावर मारिया नावाचं चक्रीवादळ आलं. एका रात्रीत झालेलं नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के, म्हणजे सव्वादोन वर्षांची सगळी कमाई धुऊन गेली. या देशांचं दुखणं थोडक्यात असं आहे. विमानतळ एक, बंदर एक, किनाऱ्याने जाणारा मुख्य रस्ता एक. माणसं थोडी, म्हणून पैसा थोडा. रस्ता मात्र डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच जाणार. तो एका जागी तुटला की दुसरी वाट नाही.

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि थांबलो. कारण हे वर्णन मला तोंडपाठ होतं. फक्त समुद्राच्या जागी नाला घालायचा.

आमच्या तालुक्यातून, वडकीवरून, नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. पूर्वीचा सात नंबर, आता चव्वेचाळीस. त्यावरून कन्याकुमारीपर्यंत जाता येतं. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते आणि तिला मिळणारे असंख्य नाले गावागावांच्या मधून जातात. आमच्या गावातून बाहेर पडायला डांबरी रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर एक रपटा. ज्यांनी रपटा पाहिला नाही अशा शहरी बंधूंसाठी सांगतो : नाल्यात सिमेंटचे पाईप आडवे टाकायचे, वर काँक्रीटचा थर द्यायचा, झाला रस्ता. आमच्या रपट्याला असे सहा पाईप आहेत. साधा पाऊस असला की पाणी पाईपांतून जातं. जोराचा आला की वरून जातं. वर्ध्या नदीलाच पूर असला तर नाल्याचं पाणी पुढे जागा न मिळाल्याने मागे रेटतं आणि रपटा कुठे आहे तेसुद्धा दिसत नाही. देशात २००० सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि गावोगाव ‘बारमाही रस्ता’ हा शब्द पोचला. आमचा रस्ता कालव्याच्या भाषेत सांगायचं तर आठमाही.

असं एकटं आमचंच गाव नाही. जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत हे फार जवळून पाहिलंय. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. २०२२ च्या जुलैत वर्धेच्या पुराने नदीकाठच्या कितीतरी गावांना वेढलं. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याभोवती पाणी चढलं, तेव्हा तर हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कापसाच्या मुलखात, माणसं बेटावर अडकतात ती अशी.

आता सेमिनार म्हटला की डेटा पाहिजे. टोंगाचा होता, डोमिनिकाचा होता. मला वाटलं, एक स्लाइड आपल्या गावाची टाकावी. पण आमच्या रपट्यावर पाणी मोजणारं यंत्र थोडंच बसवलंय? घरी फोन केला. आई म्हणाली, “माह्या कॅलेंडरवर हाये ना सारं लिवून.”

आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला कालनिर्णय टांगलेली असतात, नवीन वर्षाचं जुन्याच्या वर. दुधाचा हिशेब, सिलेंडरची तारीख, गाय फळल्याची तारीख, सगळं त्यावर. लहान बहीण राळेगावला अकरावी सायन्सला होती. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, पण ज्या दिवशी गावात गाडी येत नाही त्या दिवशी तिला चार किलोमीटर चालत फाट्यावर जावं लागतं आणि तिथून काळी-पिवळीने पैसे देऊन. हा खर्च आई लिहून ठेवते. गाडी आली नाही की तारखेवर ‘गा’ लिहून त्यावर फुली आणि बाजूला पैसे. पैसे नसले म्हणजे पोरगी घरीच राहिली असं समजायचं. रपट्यावरून पाणी गेलं की ‘पूर’ लिहून गोल. बहिणीने २०२४ च्या जून ते ऑक्टोबरच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले.

मी रात्री मेसचा कांदेभात खाऊन मोजायला बसलो. ‘पूर’ला गोल : चार. त्यातला एक तान्ह्या पोळ्याचा. ‘गा’वर फुली : एकोणीस.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं. एकोणीसच. त्यात पुराचे चार दिवस धरलेलेच होते. मग उरलेले पंधरा दिवस कसले? पाणी नाही, पूर नाही, आणि गाडीही नाही! आईला विचारलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. “पूर तं संध्याकाळपावतर उतरते. गाडी मात्र आठ-आठ दिवस येत नाही.”

मित्रहो, सगळ्या सेमिनारचं सार या वाक्यात होतं आणि ते मला अहवालाच्या शंभर पानांआधी आईने सांगायला हवं होतं, पण मी कधी विचारलंच नव्हतं. आपण सगळे पुराबद्दल बोलतो. पेपरात फोटो पुराचा येतो. पण पूर काही तासांचा असतो आणि तुटलेपण आठवड्याचं असतं. टोंगाची लाट एका दिवसाची होती. धावपट्टी मोकळी व्हायला पाच दिवस लागले. वाहतूक ‘टिकाऊ’ आहे की नाही हे दोन आकड्यांवर ठरतं. एक, ती किती वेळा बंद पडते. दोन, बंद पडल्यावर किती लवकर पुन्हा सुरू होते. आम्हा इंजिनिअर मंडळींचं सगळं लक्ष पहिल्या आकड्याकडे. गावाची हाडं मोडतात ती दुसऱ्या आकड्याने.

त्या पंधरा दिवसांचं पोस्टमॉर्टेम करायला मी शनिवारी-रविवारी घरी गेलो, बाबांना घेऊन रपट्यावर उभा राहिलो. पहिली गोष्ट दिसली ती अशी की काँक्रीट शाबूत होतं. दरवर्षी तुटत होती ती दोन्ही बाजूंची चढणीची माती. रपट्यावरून जाणारं पाणी खालच्या अंगाला धबधब्यासारखं पडतं, तिथे खड्डा खणतं आणि मग कडेने माती खात खात रस्त्यात शिरतं. मातीही कोणती? आपली काळी. लॅबमध्ये सीबीआर टेस्टला आपण मोल्ड चार दिवस पाण्यात भिजत ठेवतो आणि काळ्या मातीचा आकडा दोन-तीनच्या पुढे सरकत नाही म्हणून जर्नल लिहिताना कंटाळतो. गावाकडे हीच टेस्ट निसर्ग दरवर्षी मोठ्या मापाने घेतो, आणि नापास झालेल्या मातीवरून एसटी न्यायची कुणाची हिंमत होत नाही. बरोबरच आहे. दहागावनंतर कुठल्या ड्रायव्हरला घाई कर म्हणायचं? अर्धा फूट वाहतं पाणी चालत्या माणसाला पाडू शकतं, फूटभर पाणी छोटी कार ढकलतं, दोन फूट असलं तर मोठ्या गाड्याही उचलतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलोय. तिथे मार्क जातात, इथे जीव.

दुसरी गोष्ट : सहापैकी दोन पाईप पूर्ण बुजलेले आणि एक अर्धा. आत पऱ्हाट्या, बेशरमाच्या काड्या, प्लास्टिक. म्हणजे रपटा बांधला सहा पाईपांचा आणि चालत होता साडेतीन पाईपांवर.

तिसरी गोष्ट तर फारच अजब निघाली. त्या पंधरा दिवसांतले काही दिवस असे होते की रस्ता ठीक होता, ट्रॅक्टरने मुरूम टाकून झाला होता, मोटारसायकली चालू होत्या. तरी गाडी नाही. का? तर ‘रस्ता सुरू झाला’ हे कुणी आगारात सांगितलंच नव्हतं. बंद झाल्याची बातमी लगेच जाते, सुरू झाल्याची जातच नाही! मला टोंगाची तुटलेली केबल आठवली. आमच्याकडे तर केबल शाबूत होती, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता. फोन करायचा कुणी, एवढंच ठरलेलं नव्हतं. आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यांना ठाऊक असते : हा रस्ता नेमका कुणाचा, यावर दोन कचेऱ्यांची दोन मतं होती.

सेमिनारच्या दिवशी मी दोन उभे पट्टे दाखवले. चारचा आणि पंधराचा. सरांनी विचारलं, “हा डेटा कुठला?” मी म्हटलं, “सर, आईच्या कॅलेंडरवरचा.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “त्या पानांची झेरॉक्स रिपोर्टला जोड.” आणि मग म्हणाले, “पूल सगळेच मागतात. तू त्या पंधरा दिवसांचं बोल.”

पूल नको असं माझं म्हणणं नाही. बाळंतपण आणि सर्पदंश पाणी उतरायची वाट पाहत नाहीत. पण पुलाचं गणित वाहनसंख्येवर बसतं, आणि आमच्या रस्त्याची वाहनसंख्या म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या एसटीच्या, थोडे ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि बंड्या. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी बस आणि इतर गाड्यांसकट कोसळला. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. ठरवलं तर काय होऊ शकतं याचं हे उदाहरण. पण तो महामार्ग होता. गावच्या रस्त्याला मोजणीचा दुसरा काही निकष हवा. किती गाड्या जातात, याऐवजी विचारावं : हा बंद झाला तर दुसरा आहे का? तुवालूच्या धावपट्टीवर दिवसाला किती विमानं उतरतात हे मोजून कुणी तिला बिनमहत्त्वाची ठरवणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, आम्हाला फार आनंद झाला. पण कळंब गाठायला आधी रपटा ओलांडावा लागतो!

आणि पुढचा काळ सोपा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. ती कधीतरी पडणारच. त्यात आपली एक गैरसमजूत. ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की लोकांना वाटतं, आत्ता येऊन गेला, आता नातवांच्या वेळी. तसं नसतं. दरवर्षी शक्यता दोन टक्के. कॅल्क्युलेटर काढा : पंचवीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के निघते. तीही पाऊस पूर्वीसारखाच राहिला तर.

२०२५ च्या मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी गावी गेलो तेव्हा घरात वेगळंच चाललं होतं. बाबा म्हणत होते, पोरीला बारावीला राळेगावला पाठवायचं कशाला? आठ दिवस तिचे बुडाले होते, प्रॅक्टिकल राहिली होती, पावसात एकटी फाट्यापर्यंत चालत जाते त्याचा आईला घोर. सायन्स सोडून दे, सतरा नंबरचा फॉर्म भर, आर्ट्सने बारावी हो. बाबा वाईट नाहीत. माझ्या फीसाठी त्यांनी काय काय केलं ते मला ठाऊक आहे. पण रस्ता तुटला की घरात आधी कुणाची शाळा तुटते, हे कुठल्याही गावात जाऊन पाहा. बहीण काही बोलली नाही. नुसती फिजिक्सचं पुस्तक घेऊन ओसरीत जाऊन बसली.

मी सेमिनारचा रिपोर्ट घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. मंडळी जमली. आधी नेहमीचंच झालं. बाबा म्हणाले, “पुलाचं तं मी शाळेत होतो तवापासून आयकून राहिलो.” एक काका म्हणाले, “रस्ताच चार फूट उचला ना, कटकट जाईन.” तेव्हा मला किरिबाटी नावाच्या देशाचं उदाहरण कामी आलं. तिथे तारावा बेटांच्या माळेत काही बेटं भराव टाकून रस्त्याने जोडली. रस्ता झाला, पण भरावाने पाण्याची ये-जा अडली आणि माशांच्या वाटा बंद झाल्या. आपण पाण्याला जागा न ठेवता रस्ता उचलला तर तो बांध होईल आणि वरच्या अंगाची वावरं बुडतील. काकांचं वावर वरच्याच अंगाला होतं. मुद्दा लगेच पटला.

तुकडोजी महाराजांच्या मुलखात श्रमदान म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाच दिवस काम चाललं. पाईप साफ झाले. आतून एक सायकलचा टायर आणि तीन वेगवेगळ्या चपला निघाल्या. धुऱ्यावरचे दगड बंड्यांनी आणून खालच्या अंगाला, जिथे पाणी पडून खड्डा होतो तिथे, आणि चढणीच्या कडेला रचले. सरांनी फोनवर सांगितलं होतं, मोठे दगड खाली, एकमेकांत अडकवून, वर तिरपा उतार. गावाकडची बाजू नीट झाली. पलीकडच्या बाजूला दगड कमी पडले. शाळेच्या भिंती रंगवणाऱ्याने एका लोखंडी पाईपवर लाल-पांढरे फूट रंगवून दिले, तो रपट्याशेजारी रोवला. लाल रंगापर्यंत पाणी असलं की बैलही घालायचा नाही, असं ठरलं. मुरमाच्या दोन ट्रॉल्या आधीच आणून ठेवल्या. पाणी उतरल्यावर पहिला ट्रॅक्टर कुणाचा जाईल हे नावानिशी ठरलं. आणि रस्ता सुरू झाला की त्या फूटपट्टीचा आणि रस्त्याचा फोटो आगारात पाठवून फोन करायचा, हे काम दिलं माझ्या बहिणीला. तिचं म्हणणं, “गाडी मलाच पायजे, तं फोन मीच करतो.”

आता २०२५ चं कॅलेंडर. ‘पूर’ला गोल पाच, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक जास्त. ‘गा’वर फुली नऊ. एकोणीसचे नऊ झाले. हे नऊ कसे? ऑगस्टच्या पुरात पलीकडची, दगड कमी पडलेली बाजू गेली. त्यातच चार दिवस गेले. गावाकडची बाजू जागची हलली नाही. एका गावाच्या एका पावसाळ्यावरून सिद्धान्त मांडायचा नसतो हे मला कळतं, परीक्षक सर, मार्क कापू नका. पण कोणती बाजू राहिली आणि कोणती गेली, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रस्ता कुणाचा याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुलाचा अर्जही पुन्हा दिलाय. बहीण राळेगावला बारावी सायन्सलाच आहे. बाबांनी सतरा नंबरचा विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

आता कामाचं. माझ्यासह चौघांनी फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून राळेगाव तालुक्यातले जमतील तेवढे रपटे पाहायचं ठरवलंय. प्रत्येकाचे पाईप किती, त्यातले उघडे किती, कडेची माती कशी आहे, आणि दुसरी वाट आहे की नाही, एवढंच लिहायचं. बेटांच्या देशांना वाचवायला निघालेली मोठमोठी माणसंही हेच सांगतात, आधी आपल्याकडे काय आहे त्याची यादी करा. तेव्हा ज्यांची गावं अशा नाल्यांपलीकडे आहेत त्यांनी पुढच्या खेपेला घरी गेल्यावर एक करावं. आईने, आजीने, काकूने कॅलेंडरवर काय लिहून ठेवलंय ते विचारावं. कुणाकडे दुधाच्या गाडीचा हिशेब असेल, कुणाकडे मास्तर आले नाहीत त्याचा. फोटो काढून रूम नंबर १४ मध्ये आणून द्यावेत. चहा आमच्याकडून.

आणि विभागातल्या सरांना नम्र विनंती. सर्व्हे लॅबमधली डम्पी लेव्हल आणि एक स्टाफ आम्हाला एप्रिलमध्ये आठ दिवस मिळावी. मृग लागायच्या आत परत करू. पूर आला म्हणून उशीर झाला, असं कारण या वेळी सांगणार नाही.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी